जड स्क्वॅटसाठी नी स्लीव्ह्ज: ५ की ७ मिमी, माप कुठलं धरायचं, नियम काय?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी,

नाशिकला पॉवरलिफ्टिंग करते. क्लासिक (म्हणजे आधार देणारा सूट आणि पट्ट्या न वापरता), ६३ किलो गट. स्क्वॅट लो-बार (बार पाठीवर थोडा खाली ठेवून) मारते, सध्या १०५ किलोचे तीन रेप्स पूर्ण खोल जाऊन निघतात. दिवाळीनंतर पहिल्यांदाच राज्य स्पर्धेत उतरायचा विचार आहे. आतापर्यंत मेडिकलमधून आणलेल्या कापडी नी कॅपवर भागवलं. ती दुसऱ्या सेटपर्यंत घसरून पोटरीवर येते आणि घातली काय, न घातली काय, काही फरक जाणवत नाही. म्हणून आता नीट स्लीव्ह्ज (गुडघ्यावर चढवायच्या निओप्रीनच्या घट्ट नळ्या) घ्यायच्या आहेत.

कोच म्हणतात ७ मिमीच घे. जिममधला एक दादा म्हणतो मापापेक्षा दोन साइज लहान घे, बसल्यावर खालून वर फेकते. माझी मैत्रीण ५ मिमी वापरते आणि तिला त्या सोडवत नाहीत. इंटरनेटवर बघितलं तर प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा. एका तक्त्यात मी एस, दुसऱ्यात एम.

माझी मापं: गुडघ्याच्या वाटीवर ३७ सेंमी, वाटीच्या मध्यापासून १० सेंमी खाली ३४.५, १० सेंमी वर ४५.

गुडघे दुखत नाहीत. थंडीत सकाळी पहिल्या एक-दोन सेटला आखडल्यासारखे वाटतात, नंतर मोकळे होतात. पैसे एकदाच घालायचे आहेत, तेव्हा जाणकारांनी सविस्तर सांगावं ही विनंती.

---

चॉकची_डबी

गोदाकाठ, पहिल्या स्पर्धेसाठी मनापासून शुभेच्छा! खरेदीआधी नियम बघून घ्या, अर्धे पर्याय तिथेच गळतात.

आयपीएफच्या (आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग फेडरेशनच्या) नियमांप्रमाणे क्लासिक गटात गुडघ्याला फक्त स्लीव्ह चालते, गुंडाळायची पट्टी चालत नाही. स्लीव्ह एकपदरी निओप्रीनची हवी, वर कापडाचा एक पातळ थर असला तर चालतो. जाडी जास्तीत जास्त ७ मिमी, लांबी जास्तीत जास्त ३० सेंमी. वेल्क्रो, पट्टे, नाड्या, आतली पॅडिंग यांतलं काहीही नको. घातल्यावर ती बरोबर गुडघ्यावर मध्यभागी बसायला हवी. वर सिंगलेटला (अंगाला घट्ट बसणाऱ्या एकसंध पोशाखाला) आणि खाली मोज्याला ती टेकता कामा नये. उंची कमी असेल तर हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. पाय आखूड असले की ३० सेंमीची स्लीव्ह मोज्यापर्यंत सहज पोचते. घरी पूर्ण पोशाख करून आरशासमोर उभ्या राहा आणि खाली-वर बोटभर कातडी मोकळी दिसते का बघा.

दुसरी गोष्ट म्हणजे मान्यताप्राप्त साहित्याची यादी. आयपीएफ ती प्रसिद्ध करतं आणि ती ठरावीक कालावधीसाठी असते. एसबीडी, टायटन, इंझर, ए७ अशी नावं तिथे सापडतील, पण नुसतं कंपनीचं नाव बघून थांबू नका. मान्यता त्या त्या मॉडेलला असते. एकाच कंपनीचं एक मॉडेल यादीत असतं आणि दुसरं नसतं. जिल्हा आणि राज्य पातळीवर आयोजक यादी किती काटेकोरपणे लावतात ते त्यांनाच आधी फोन करून विचारा. पुढे राष्ट्रीय खेळायचं मनात असेल तर सरळ यादीतलंच घ्या, म्हणजे दोनदा पैसे जायचे नाहीत.

तुमची मेडिकलवाली नी कॅप इलॅस्टिकची विणलेली असते, निओप्रीनची नाही. किट चेकला ती बाजूला काढतील.

---

मिरजेचा_बार

वरच्याला अनुमोदन. फक्त एक भर घालतो. ९-१० मिमीच्या स्लीव्ह्जही बाजारात मिळतात आणि विकणारा छातीठोकपणे सांगतो की जाड म्हणजे भारी. त्या आयपीएफच्या नियमात बसत नाहीत. दुसऱ्या फेडरेशनमध्ये खेळणाऱ्यांनी आपापलं नियमपुस्तक बघावं.

---

वाटी_आणि_स्नायू

मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे, पेशंटमध्ये लिफ्टर बरेच असतात. स्लीव्ह काय करते आणि काय करत नाही हे आधी स्पष्ट झालं तर निवड सोपी जाते.

पहिलं काम ऊब. निओप्रीन उष्णता धरून ठेवतं. तुम्ही लिहिलंय तसं थंडीत आखडणाऱ्या गुडघ्याला याचा खरा उपयोग होतो, सेटच्या मध्ये तीन-चार मिनिटं बसलं तरी सांधा थंड पडत नाही. दुसरं काम दाब. त्वचेवर सगळीकडून सारखा दाब पडला की गुडघा कुठे चाललाय, आत वळतोय का, याची जाणीव अधिक स्पष्ट होते. बऱ्याच जणांना स्लीव्ह घातल्यावर खाली बसताना धीर वाटतो तो यामुळे. तिसरं, अगदी खाली मांडी आणि पोटरीच्या मध्ये निओप्रीन दाबलं जातं आणि वर येताना थोडं ढकलतं. कडक आणि घट्ट स्लीव्हमध्ये हे जास्त जाणवतं. नियमाची अपेक्षा मात्र अशी आहे की स्लीव्हनं लक्षात येण्याजोगा आधार किंवा उसळी देऊ नये.

आता काय करत नाही ते. वाटी जागेवर धरून ठेवत नाही. लिगामेंटला वाचवत नाही. कूर्चेची झीज थांबवत नाही. गुडघा आत वळत असेल तर तो सरळ करत नाही, त्यासाठी वजन कमी करून तंत्रावरच काम करावं लागतं.

यातली सगळ्यात मोठी काळजीची गोष्ट दुखण्याची आहे. गुडघा दुखतोय म्हणून स्लीव्ह घेतली, घातल्यावर दुखणं कमी वाटलं, म्हणून वजन वाढवलं, असे लिफ्टर माझ्याकडे सतत येतात. वाटीच्या अगदी खाली, एका बोटानं दाखवता येईल अशा जागी दुखत असेल, वॉर्म-अपनंतर कमी होत असेल आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना पुन्हा डोकं वर काढत असेल, तर बहुतेक वेळा ते वाटीखालच्या टेंडनचं दुखणं असतं. त्याला हवा असतो मोजून-मापून दिलेला भार: काही आठवडे जड स्क्वॅटचं प्रमाण उतरवायचं, हळू टेम्पोचे सेट करायचे, स्थिर धरून ठेवण्याचे व्यायाम करायचे आणि दुसऱ्या दिवशी गुडघा कसा वागतो ते बघून वजन वाढवायचं. स्लीव्ह या काळात घातली तर हरकत नाही, पण इलाज तो भार आहे.

गुडघा सुजला, मध्येच अडकला, किंवा चालताना एकदम निसटल्यासारखा झाला, तर स्लीव्हची चौकशी थांबवून हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

गोदाकाठ, तुम्हाला दुखणं नाही, त्यामुळे तुम्ही निवड आरामात करू शकता.

---

ठाणे_रबर

मी रबर शीटच्या व्यवसायात आहे आणि हौशी लिफ्टरही. जाडीवर एवढी चर्चा होते, मालाच्या प्रतीवर कुणी बोलत नाही, म्हणून लिहितोय.

निओप्रीन हे कृत्रिम रबर, १९३० साली अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीच्या शास्त्रज्ञांनी शोधलेलं. स्लीव्हमध्ये वापरतात ते त्याचं फोम रूप. आत वायूचे बारीक बुडबुडे असतात आणि प्रत्येक बुडबुडा स्वतंत्र, बंद असतो. म्हणून ते पाणी पीत नाही आणि ऊब धरतं. आधी फोमचा जाड ठोकळा बनतो, मग पावाच्या स्लाइस कापाव्यात तसे त्याचे ठरावीक जाडीचे थर कापतात आणि दोन्ही बाजूंना नायलॉन किंवा पॉलिएस्टरचं कापड चिकटवतात. ३, ५, ७ मिमी या जाड्या डायव्हिंगच्या सूटमध्येही याच असतात.

फोमची घनता कमी-जास्त ठेवता येते. शिवाय स्वस्त मालात एसबीआर नावाचं दुसरं रबर मिसळतात, ते लवकर मऊ पडतं. त्यामुळे लेबलवर ७ मिमी लिहिलेल्या दोन स्लीव्ह हातात घेतल्या तर एक रुमालासारखी घडी होते आणि दुसरी टेबलावर उभी ठेवली तर नळ्यासारखी उभी राहते. जाडी तीच, पण पायावरचा अनुभव पूर्ण वेगळा. स्पर्धेच्या स्क्वॅटसाठी लोक ज्यांची तारीफ करतात त्या दुसऱ्या प्रकारच्या.

दुकानात किंवा मित्राची स्लीव्ह हातात आली तर चिमटीत दाबून सोडा. लगेच पूर्ववत झाली पाहिजे. मग शिवण बघा. शिवण गुडघ्यामागच्या खळगीतून आडवी जात असेल तर तिथे कातडी सोलवटणार. चांगल्या स्लीव्ह्ज दोन-तीन तुकडे जोडून गुडघ्याच्या वळणाप्रमाणे शिवलेल्या असतात आणि टोकांची शिवण सपाट असते. चढवताना शिवणीला धरून ओढू नका, आधी तीच उसवते.

फोमचे बुडबुडे वर्षानुवर्षं दाबले जाऊन चपटे होतात. गुडघ्यामागे जिथे घडी पडते तिथे पहिल्यांदा पातळपणा येतो. प्रकाशासमोर धरून ती जागा बोटांनी चाचपा, समजतं. आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत कधी ठेवू नका.

---

गोदाकाठ

केवढी माहिती! मनापासून धन्यवाद. दोन ७ मिमी वेगवेगळ्या असू शकतात हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

माझा मुख्य अडथळा अजून साइजचाच आहे. दोन साइज लहानचं काय करू?

---

चॉकची_डबी

साइजवर सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते खरा निर्णय इथेच होतो. बरोबर साइजची साधी स्लीव्ह चुकीच्या साइजच्या महागड्या स्लीव्हपेक्षा कधीही बरी.

आधी माप. शिंप्याची टेप घ्या, पाय सैल सोडा, टेप त्वचेला टेकेल इतकीच, दाबायची नाही. दोन्ही पाय मोजा, बऱ्याच जणांच्या पायांत फरक असतो. कंपनीनं माप कुठे घ्यायला सांगितलंय ते वाचा. एसबीडी वाटीच्या मध्यापासून १० सेंमी खालचं, म्हणजे पोटरीचं माप धरते. दुसऱ्या काही कंपन्या वाटीवरचं माप धरतात. तुम्ही एकात एस आणि दुसऱ्यात एम आलात त्याचं कारण बहुतेक हेच. एका कंपनीचं माप दुसरीच्या तक्त्यात घालू नका.

लिफ्टरच्या पायाची अडचण अशी की मांडी भरलेली असते आणि पोटरी त्या मानानं बारीक. तुमचंच बघा, वर ४५ आणि खाली ३४.५, दहा सेंमीच्या वर फरक. पोटरीच्या मापानं घेतलेली स्लीव्ह वरच्या टोकाला मांडीत रुतू शकते, मांडीच्या मापानं घेतलेली खाली ढिली पडून घसरते. म्हणून तुमच्यासारख्यांनी सरळ नळ्याऐवजी वर रुंद, खाली अरुंद असा निमुळता आकार असलेलं मॉडेल शोधावं.

आता दोन साइज लहान. स्पर्धेचा दिवस डोळ्यांसमोर आणा. एका गटात साधारण दहा-बारा जणी असतात. बार तयार झाल्यावर प्रत्येकीला लिफ्ट सुरू करायला एक मिनिट मिळतं. म्हणजे तुमच्या दोन प्रयत्नांमध्ये साधारण दहा-बारा मिनिटं जाणार. फार घट्ट स्लीव्ह तेवढा वेळ वर ठेवली तर पोटरीत मुंग्या येतात, पावलं थंड पडतात. खाली उतरवली तर पुन्हा चढवायला श्वास फुलेपर्यंत झटापट करावी लागते आणि हातांची पकड त्यातच जाते, जी तुम्हाला शेवटी डेडलिफ्टला हवी असते. बसताना मागच्या खळगीत चुण्या जमा होतात त्या वेगळ्या. त्या इतक्या चावतात की लिफ्टर नकळत अर्धा इंच वरच थांबतो. तीन पंच समोर आणि दोन्ही बाजूंना बसलेले असतात. मांडीचा वरचा पृष्ठभाग कंबरेच्या सांध्यापाशी गुडघ्याच्या वरच्या भागापेक्षा खाली गेला नाही तर लाल दिवा, म्हणजे लिफ्ट बाद, लागतोच.

माझं मत: पहिली जोडी तक्त्याप्रमाणे. दोन साइजच्या मध्ये पडत असाल आणि घट्टपणा आवडत असेल तर लहान. तक्त्यापेक्षा एक साइज लहान ही अनुभवी लिफ्टरची हौस आहे, तीसुद्धा फक्त स्पर्धेपुरती. दोन साइज लहानच्या मी विरोधात आहे.

बरोबर बसली हे कसं ओळखायचं? बसायला गेलात की मागून दाब जाणवतो पण चावत नाही. उभ्या राहिलात की वाटीवर पोकळी राहत नाही. पाच रेप्सच्या सेटनंतर ती जागची हललेली नसते. आणि कुणाच्याही मदतीशिवाय तुम्ही ती चढवू शकता.

---

पाटाकडची_वाट

चढवायची पद्धत कुणीच सांगितली नाही, म्हणून सांगते.

कोरड्या पायावर चढवा, घाम आल्यावर ती अडकते. खुर्चीवर बसा. स्लीव्हचा वरचा अर्धा भाग बाहेरून खाली दुमडा. पाऊल घाला आणि दुमडलेली कड दोन्ही हातांच्या पूर्ण पंज्यात धरून गुडघ्याच्या थोडी खाली येईपर्यंत ओढा. नखं रोवू नका, कापड फाटतं. मग दुमडलेला भाग वर उलगडा, तो आपोआप मांडीवर जातो. उभं राहून मागच्या चुण्या तळहातानं खाली सारा. शेवटी गुडघा एकदा पूर्ण वाकवून बघा, वाटी स्लीव्हच्या मध्यावर आली पाहिजे.

सरावात नवीन, कडक स्लीव्ह चढत नसेल तर पावलावर पातळ प्लास्टिकची पिशवी घालून वरून स्लीव्ह सरकवा आणि मग पिशवी खालून ओढून काढा. स्पर्धेत मात्र स्वतःच्या हातांनी, काही न वापरता चढेल अशीच ठेवा. तिथे पिशव्या आणि मदतनीस यांच्या भरवशावर राहू नका.

---

तांबडी_माती

सांगलीहून लिहितोय. आम्ही सुरुवात केली तेव्हा क्लासिक गट वेगळा नव्हता, सूट आणि पट्ट्यांचाच जमाना होता. आयपीएफची पहिली क्लासिक जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २०१३ ला झाली, रशियात सुझदालला. त्यामुळं जुन्या जिममध्ये अजून बरीच मंडळी गुडघ्याचं नाव निघालं की पट्टीच पुढं करतात. तुमच्या जिममधल्या दादांचं "वर फेकते" हे पट्टीच्या बाबतीत खरं आहे. २ मीटर लांब, ८ सेंमी रुंद पट्टी ताणून आवळली की ती खरोखर वजन उचलायला मदत करते, पण ती इक्विप्ड गटात, म्हणजे सूट-पट्ट्या चालतात तिथे. स्लीव्हकडून तेवढी अपेक्षा ठेवू नका. क्लासिक खेळायचं असेल तर सरावातही पट्टी बांधू नका, डोक्यात आकडा एक बसतो आणि प्लॅटफॉर्मवर दुसराच निघतो.

आणि एक माझं ठाम मत. सगळ्या सेटला स्लीव्ह घालू नये. वॉर्म-अपचे सेट उघड्या गुडघ्यानं काढा, हलक्या दिवशी पूर्ण स्क्वॅट उघड्या गुडघ्यानं मारा. स्वतःच्या गुडघ्याची ताकद आणि खोली तुम्हाला माहीत पाहिजे. स्लीव्ह कामाच्या जड सेटला.

---

मिरजेचा_बार

आप्पा, तुमच्याबद्दल आदर आहे, पण इथे थोडं वेगळं म्हणतो. हिवाळ्यात पहाटे सहाला स्क्वॅट मारणाऱ्यानं रिकाम्या बारपासून स्लीव्ह घातली तर बिघडलं कुठे? ऊब तर तेव्हाच हवी असते.

---

तांबडी_माती

ऊब हवी असेल तर दहा मिनिटं सायकल, बैठका, रिकाम्या बारचे चार सेट. माझ्या पोरांना मी तेच करायला लावतो. पण तुमचं म्हणणंही सोडून देत नाही. त्यासाठी जुनी, सैल पडलेली ५ मिमीची जोडी वॉर्म-अपला ठेवा आणि नवी कडक जोडी जड सेटला. दोन्ही जोड्या जास्त टिकतात.

---

वाटी_आणि_स्नायू

दोघांशीही सहमत होता येतं. दुखणं नसलेल्या गुडघ्याला स्लीव्ह घातल्यानं स्नायू कमजोर होतात असं समजायचं कारण नाही. तरी स्लीव्हशिवाय आपण कुठे आहोत हे माहीत असावं, यावर आप्पांना पूर्ण पाठिंबा.

---

वाशीचा_बाप

मध्येच विचारतो, माफ करा. मुलगा १५ वर्षांचा आहे, सब-ज्युनिअर खेळायचं म्हणतोय. त्याच्या वाटीच्या खाली हाडाचा उंचवटा आलाय आणि स्क्वॅट केल्यावर तिथे दुखतं. ७ मिमी घेऊन देऊ का?

---

वाटी_आणि_स्नायू

आधी तपासून घ्या, खरेदी नंतर. वाढत्या वयात टेंडन जिथे नडगीच्या हाडाला जोडलेलं असतं तिथे ताण येऊन असा उंचवटा येतो. वाढ पूर्ण झाली की बहुतेक मुलांचं दुखणं निवळतं, पण तोवर उड्या, धावणं आणि स्क्वॅट सगळ्याचा एकूण भार सांभाळावा लागतो. घट्ट स्लीव्ह नेमकी त्याच जागी दाबते, त्यामुळे त्याला ती सोसणारही नाही. फोनवर निदान नको, प्रत्यक्ष दाखवा.

---

कोकणकडा

चिपळूणहून. पावसाळ्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे जून ते सप्टेंबर निओप्रीन वाळणं हा स्वतंत्र विषय आहे. प्रत्येक सरावानंतर स्लीव्ह उलटी करून पंख्याखाली टांगायची, बॅगेत कधीच ठेवायची नाही. आठवड्यातून एकदा बादलीत साध्या पाण्यात थोडा सौम्य साबण घालून हातानं धुवायची. गरम पाणी नको, मशीन नको, ब्लीच नको. पिळायची नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायची, मग सावलीत वाळवायची. धुतल्यावर पूर्ण कोरडी व्हायला इकडे दोन दिवस लागतात, तेव्हा सरावाचे वार बघून धुवा.

गुडघ्यामागे लाल चट्टे आणि खाज येत असेल तर दोन शक्यता. घाम साचून घामोळं किंवा बुरशी हे नेहमीचं. पण काहींना निओप्रीन बनवताना वापरलेल्या रसायनांचीच ॲलर्जी असते. स्लीव्हच्या आकाराप्रमाणे नेमका पट्टा उठत असेल आणि वापर थांबवल्यावर जात असेल तर त्वचेच्या डॉक्टरांना स्लीव्ह घेऊनच दाखवा.

---

ठाणे_रबर

बरोबर. थायोयुरिया वर्गातली रसायनं त्यात असतात, त्यांची ॲलर्जी काही जणांना होते. आत कापडाचा थर असला तरी घामातून ती त्वचेपर्यंत येतात.

---

न्यूजर्सीकर

तिकडून येताना माझ्यासाठी स्लीव्ह आण, असे निरोप दर सुट्टीत येतात, म्हणून दोन गोष्टी सांगतो. एक, भारतात नेल्यावर साइज बदलून मिळत नाही. त्यामुळे आधी तीच स्लीव्ह कुणाची तरी घालून बघा, मगच सांगा. दुसरं, काही कंपन्या जोडी विकतात, काही एकेक नग. स्वस्त दिसतंय म्हणून मागवलं आणि एकच आलं, असं इथेही होतं. यूएसए पॉवरलिफ्टिंग या इथल्या संघटनेला आयपीएफनं २०२१ मध्ये बाहेर काढलं, तिची मान्यतेची यादी वेगळी आहे. इथल्या दुकानात "मान्यताप्राप्त" लिहिलं असेल तर कुणाच्या यादीत ते विचारा.

---

पाटाकडची_वाट

आणि नकली माल! मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून नावाजलेल्या कंपनीच्या म्हणून मागवलेल्या स्लीव्ह्ज आल्या तेव्हा लोगो थेट कापडावर छापलेला होता आणि आतून रॉकेलसारखा वास येत होता. परत घेतल्या, पण महिना गेला. कंपनीच्या संकेतस्थळावर भारतातल्या अधिकृत विक्रेत्याची माहिती मिळाली तर तिथूनच घ्या. परदेशातून मागवत असाल तर कस्टम ड्यूटी आणि कुरिअर धरून हिशोब करा, तो आकडा बघून कधी कधी इथलाच विक्रेता स्वस्त पडतो.

---

गोदाकाठ

मंडळी, कालच्या सरावाला दोन मैत्रिणींच्या स्लीव्ह्ज मागून आणल्या. दोन्ही ७ मिमी, कंपन्या वेगळ्या.

पहिली एम, मऊ. चढवायला सोपी, ९० किलोपर्यंत छान ऊब. पण वाटीच्या वर जरा पोकळी राहते आणि चौथ्या रेपला वरची कड खाली गुंडाळली गेली. दुसरी एस, कडक, निमुळता आकार. ठाणे_रबर यांनी सांगितलं तसं टेबलावर ठेवली तर खरंच उभी राहिली. दुमडून चढवली, एकटीनं जमलं. १०० किलोला खाली बसताना मागून ठाम दाब जाणवला, खोली पूर्ण आली. मैत्रिणीनं बाजूनं व्हिडिओ काढला होता, त्यात नीट दिसतं. सेट संपल्यावर दोन-तीन मिनिटांत खाली सारावीशी वाटली, पण मुंग्या आल्या नाहीत. मागच्या खळगीत थोडं लाल झालं होतं, रात्रीपर्यंत गेलं.

जिममधल्या दादांची एक्सएसही पायात घालून बघितली. पोटरीच्या वर गेलीच नाही.

दुसरीचंच मॉडेल घेतेय, एस. आयपीएफच्या यादीत आहे हे तपासलं. आयोजकांनाही फोन झाला, त्यांनी यादीतलंच आणा असं सांगितलं. वॉर्म-अपला मैत्रिणीची जुनी ५ मिमी जोडी मिळतेय, आप्पांचा सल्ला लगेच अमलात.

एक शेवटचा प्रश्न. डेडलिफ्टला स्लीव्ह ठेवायच्या की काढायच्या?

---

चॉकची_डबी

उत्तम निवड! नवीन जोडी स्पर्धेच्या किमान महिनाभर आधी वापरात आणा. सुरुवातीला ती जास्त कडक असते, मग पायाला बसते. ओपनरचं (पहिल्या प्रयत्नाचं) वजन त्याच जोडीवर ठरवा.

डेडलिफ्टला ठेवायला नियमाची आडकाठी नाही, पण मी काढायला सांगेन. स्क्वॅट संपल्यावर बेंच असतो, तेव्हाच उतरवून पाय मोकळे करा. डेडलिफ्टला नडगी झाकणारे लांब मोजे सक्तीचे असतात आणि स्लीव्ह मोज्याला टेकलेली चालत नाही, तुमच्या उंचीला ते सांभाळणं कटकटीचं होईल. शिवाय बार गुडघ्यावरून जाताना जाड स्लीव्हच्या कडेला घासतो. गुडघे थंड पडू नयेत म्हणून मध्ये ट्रॅकपँट घालून ठेवा.

---

तांबडी_माती

बरोबर. आणि ताई, बॅगेत वेगळ्या कप्प्यात ठेवा, चॉक लागलं की चढत नाहीत. राज्य स्पर्धेत भेटू, आमच्या सांगलीच्याही पोरी आहेत ६३ ला.